थ्रेड : सेफ्टी व्हॉल्व्हचे भोक किती मोठे असावे? वाफेपासून हवेच्या टाकीपर्यंतचा इतिहास

१/
राळेगाव हा यवतमाळ जिल्ह्यातील कापसाचा तालुका. कापसामागून जिनिंग आले आणि यंत्रांमागून दाबाखाली कोंडलेली वाफ व हवा आली. आज पंक्चरच्या दुकानातही हवेची टाकी दिसते. तिच्या माथ्यावरील लहानशा पितळी व्हॉल्व्हला साडेतीनशे वर्षांचा इतिहास आहे.

२/
१६७९ मध्ये फ्रेंच संशोधक देनी पापँ याने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे हाडे शिजवून मऊ करणारे बंद भांडे मांडले. भांडे फुटू नये म्हणून त्याने झाकणातील छिद्रावर तरफ आणि वजन बसवण्याची युक्ती काढली. दाब वजनाला भारी झाला की वाफ आपली वाट काढी. घरोघरच्या प्रेशर कुकरची शिट्टी याच कुळातली.

३/
वजनाच्या या युक्तीत एक उणीव होती. माणूस ते अडकवून ठेवू शकत असे. १८०३ मध्ये ग्रीनिच येथे रिचर्ड ट्रेविथिकच्या इंजिनाची देखरेख करणारा मुलगा मासे पकडायला गेला. मागे राहिलेल्या मजुराने व्हॉल्व्हची अडकवलेली तरफ मोकळी न करताच इंजिन थांबवले. वाफेला वाट उरली नाही. बॉयलर फुटला आणि माणसे मृत्युमुखी पडली.

४/
पुढे ट्रेविथिकने दुसरा व्हॉल्व्ह आणि अतितापाने वितळणारी शिशाची गुडदी जोडली. १८५० च्या दशकात जॉन रॅम्सबॉटमने दोन व्हॉल्व्हना एकाच स्प्रिंगने व तरफेने असे जोडले की एक दाबून धरावा तर दुसरा सैल होई. छेडछाडीचा प्रश्न बराचसा सुटला.

५/
दुसरा प्रश्न मापाचा होता. व्हॉल्व्ह वेळेवर उघडला, पण त्याचे भोकच अपुरे असेल तर? १८३९ मध्ये सँ-व्हनां आणि वांत्झेल या फ्रेंच अभ्यासकांनी दाखवले की बाहेरचा दाब आतल्या दाबाच्या साधारण निम्म्यावर आला की वायूचा प्रवाह आणखी वाढत नाही. भोकातील वेग ध्वनीच्या वेगाशी येऊन थांबतो. म्हणजे ठरावीक दाबाला ठरावीक भोकातून ठरावीकच हवा जाते.

६/
म्हणून व्हॉल्व्हचे माप टाकीच्या आकारावरून ठरत नाही, कॉम्प्रेसर मिनिटाला किती हवा भरतो यावरून ठरते. टाकी मोठी असली तर दाब सावकाश चढतो, इतकेच. कॉम्प्रेसर चालूच राहिला, तर तो जितकी हवा आत ढकलतो तितकी बाहेर गेलीच पाहिजे. (आगीच्या धगीने तापणाऱ्या टाकीचा हिशेब वेगळा.)

७/
एक उदाहरण. कॉम्प्रेसर मिनिटाला ३ घनमीटर मोकळी हवा घेतो, म्हणजे सुमारे ३.६ किलो. व्हॉल्व्ह ७ बारला उघडतो आणि दाब फार तर १० टक्के चढू द्यायचा आहे. त्या दाबाला १ चौरस सेंटिमीटर भोकातून सेकंदाला सुमारे ०.२ किलो हवा जाऊ शकते. प्रत्यक्षातील अडथळा धरून ०.१४ किलो मानली, तर भोक साधारण ७.४ मिलिमीटर व्यासाचे लागते.

८/
आता कॉम्प्रेसर दुप्पट क्षमतेचा आणला आणि व्हॉल्व्ह जुनाच ठेवला, तर? व्हॉल्व्ह उघडेल, फुसफुसेल, पाहणाऱ्याला सारे ठीक वाटेल; दाब मात्र चढतच राहील. ७ बारला भरलेल्या १ घनमीटर टाकीत साधारण २०० ग्रॅम टीएनटीइतकी ऊर्जा असते.

९/
भारतात १८६३ च्या कलकत्त्यातील भीषण स्फोटानंतर बंगालने १८६४ मध्ये बॉयलर तपासणीचा कायदा केला. प्रांतोप्रांतीच्या निरनिराळ्या कायद्यांच्या जागी १९२३ चा भारतीय बॉयलर कायदा आला. तो वाफेपुरता होता. कारखान्यातील हवेच्या टाकीसाठी १९४८ च्या कारखाने कायद्यात कलम ३१ होते : सुरक्षित दाब ओलांडला जाऊ नये यासाठी परिणामकारक उपाय केलेच पाहिजेत.

१०/
पापँच्या वजनापासून या कलमापर्यंतचे प्रत्येक पाऊल कोणत्या ना कोणत्या अपघाताने किंवा त्याच्या भयाने पडले आहे. राळेगावच्या जिनिंगमध्ये असो वा नाक्यावरच्या दुकानात, कॉम्प्रेसर बदलला त्या दिवशी व्हॉल्व्हवर कोरलेली क्षमताही नव्या आकड्याशी ताडून पाहणे, हा या इतिहासाचा सर्वांत साधा धडा.