‘स्टेशन’ या शब्दाचे अर्थ आणि मावळचा आधुनिक इतिहास

प्रस्तावना

परभाषेतील शब्द एखाद्या प्रदेशात रूढ होतो, तेव्हा त्याच्यासोबत बहुधा नवी व्यवस्थाही येते. मावळात ‘स्टेशन’ या इंग्रजी शब्दाच्या बाबतीत हे विशेषत्वाने जाणवते. हा शब्द ‘उभे राहणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आला आहे. संस्कृत ‘स्था’ धातू त्याच भाषाकुळातील असून ‘स्थान’, ‘स्थानक’, ‘ठाणे’ हे शब्द त्यापासून सिद्ध झाले आहेत. प्रस्तुत लेखात लोणावळा-खंडाळा परिसरातील या शब्दाच्या अर्थांचा ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे.

रेल्वे स्टेशन

खंडाळा-पुणे लोहमार्ग १८५८ मध्ये, तर बोरघाटातील मार्ग १८६३ मध्ये सुरू झाला. १८६१ च्या प्रारंभी घाटाच्या कामावर सुमारे ४२,००० मजूर होते. त्यांपैकी अनेकजण पटकीसारख्या रोगांना बळी पडले. याच घाटात खंडाळ्याजवळ ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ होते. तेथे इंजिन गाडीच्या दुसऱ्या टोकास जोडले जाई व गाडी उलट दिशेने पुढचा चढ चढे. १९२९ मध्ये नवा मार्ग झाल्यावर ते वापरातून गेले. प्रवाशांची चढउतार हा त्या स्टेशनचा हेतूच नव्हता.

हिल स्टेशन

वसाहतकाळात गोऱ्या अधिकाऱ्यांच्या नेमणुकीच्या व वास्तव्याच्या जागेसही ‘स्टेशन’ म्हणत. ‘हिल स्टेशन’ हा त्याचाच विस्तार होय. रेल्वेमुळे लोणावळा-खंडाळा मुंबईकरांच्या विश्रांतीचे स्थळ बनले. मराठीत त्यास ‘थंड हवेचे ठिकाण’ हा शब्दप्रयोग रूढ झाला; माथेरान व महाबळेश्वर येथील नगरपरिषदांच्या नावांत ‘गिरिस्थान’ आले. परंतु ही बाहेरून येणाऱ्याची दृष्टी आहे. पावसाच्या भरवशावर भात पिकविणारा मावळी शेतकरी हवापालटासाठी येथे आलेला नव्हता.

पॉवर स्टेशन

वळवण, लोणावळा व शिरवता येथील तलावांत साठविलेले पाणी नळांवाटे घाटाखाली सोडून खोपोली येथे १९१५ मध्ये वीजनिर्मिती सुरू झाली. ही वीज मुंबईच्या कापडगिरण्यांना मिळाली. पुढे शेजारच्या मुळशी खोऱ्यात अशाच प्रकल्पासाठी जमिनी जाऊ लागल्या, तेव्हा १९२१ मध्ये मुळशी सत्याग्रह झाला. सेनापती बापट यांनी त्याचे नेतृत्व केले. तरीही धरण झालेच. या अर्थाच्या ‘स्टेशन’ला मराठीने ‘केंद्र’ म्हटले.

समारोप

मराठीने एका इंग्रजी शब्दासाठी स्थानक, ठिकाण, केंद्र असे निरनिराळे प्रतिशब्द योजले. ‘ठाणे’ हा जुना, लष्करी व महसुली अंमलाचा शब्द मात्र पोलिसांकडे गेला. बोलीत ‘ठेसन’ म्हटले की रेल्वेचेच, हेही लक्षणीय आहे. तेच सामान्य माणसाच्या नित्य उपयोगाचे होते. म्हणून स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकाने साधनांत हा शब्द आढळताच त्याचा कोशातील अर्थ पाहून थांबू नये. तेथे कोणाला उभे राहण्यास जागा मिळाली आणि कोणाला आपल्या जागेवरून उठावे लागले, हेही तपासावे.