स्टार ट्रेक : नैतिक पेचाचे भाग

'स्टार ट्रेक' या अमेरिकी विज्ञानकथा-मालिकांच्या परिवारातील असे भाग, ज्यांत नायकाची कृती प्रेक्षकाला मान्य होत नाही, किंवा मान्य होऊनही त्याला अस्वस्थ करते. जीन रॉडनबेरी यांनी निर्माण केलेली मूळ मालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजी एनबीसी वाहिनीवर सुरू झाली आणि १९६९ मध्ये ७९ भागांनंतर संपली. तिच्यातून पुढे 'द नेक्स्ट जनरेशन' (१९८७–९४), 'डीप स्पेस नाइन' (१९९३–९९), 'व्हॉयेजर' (१९९५–२००१), 'एंटरप्राइज' (२००१–०५) आणि आणखी काही मालिका निघाल्या. भारतात मूळ मालिका ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी दाखवली गेली. नागपुरात गांधीबाग, इतवारी, महाल भागातल्या ज्या मोजक्या घरांत तेव्हा टीव्ही होता, तिथे पोरांना टोकदार कानांचा स्पॉक ठाऊक झाला तो याच काळात.

या भागांचे दोन प्रकार वेगळे ओळखायला हवेत. काहींत आपले पात्र चुकते आहे हे लेखकाला पक्के ठाऊक असते. काहींत मात्र पडद्यावर अन्याय घडतो आणि मालिकेला त्याचा पत्ताच नसतो. खरी चिंता वाटावी ती दुसऱ्या प्रकाराची.

'द एनिमी विदिन' (१९६६) हे त्याचे सर्वांत जुने उदाहरण. यंत्रातील बिघाडामुळे कॅप्टन कर्कचे दोन देह होतात आणि त्यांतला दुष्ट कर्क जॅनिस रँड या सहकारी स्त्रीवर अत्याचाराचा प्रयत्न करतो. कर्कच्या दुभंगलेल्या मनाचा विचार कथेत उत्तम झाला आहे. शेवटी मात्र स्पॉक त्याच रँडला, त्या तोतयात काही आकर्षक गुण होते ना, अशा अर्थाचे सुचवतो, आणि भाग हलक्याफुलक्या सुरात संपतो. 'कोड ऑफ ऑनर' (१९८७) या भागात एका परग्रहावरचे सगळे कृष्णवर्णीय लोक जुन्या वसाहतवादी कल्पनेतल्या टोळीसारखे रंगवले आहेत. मालिकेतल्या कलावंतांनीच पुढे त्यावर उघड टीका केली.

बहुतेक पेच एका नियमाभोवती फिरतात. 'प्राइम डायरेक्टिव्ह' या नावाने तो प्रसिद्ध आहे आणि १९६७ च्या 'द रिटर्न ऑफ द आर्कॉन्स' या भागात प्रथम येतो : मागे असलेल्या समाजाच्या स्वाभाविक वाटचालीत ढवळाढवळ करायची नाही. परक्यांच्या राज्याचा अनुभव घेतलेल्या आपल्या देशाला हा नियम पटण्यासारखा आहे. 'अ प्रायव्हेट लिटल वॉर' हा भाग २ फेब्रुवारी १९६८ रोजी दाखवला गेला. व्हिएतनाममधील टेट आक्रमण सुरू होऊन तेव्हा काहीच दिवस झाले होते. शत्रूने एका जमातीला बंदुका दिल्या म्हणून कर्क दुसऱ्या जमातीला तशाच बंदुका देतो. दोन्हीकडची माणसे मरत राहणार हे त्याला कळते, आणि तो खिन्न मनानेच निघतो. अमेरिकेच्या धोरणाचे हे समर्थन होते की त्याबद्दलचा शोक, यावर अजूनही एकमत नाही.

नियम माणसापेक्षा मोठा झाला की काय होते ते 'डिअर डॉक्टर' (२००२) मध्ये दिसते. व्हॅलाकियन समाज आनुवंशिक रोगाने संपत चालला आहे आणि त्याने स्वतःहून मदत मागितली आहे. डॉक्टर फ्लॉक्सला औषध सापडते. पण त्याच ग्रहावर मेंक ही दुसरी, दबलेली जमात आहे. तिची बुद्धी वाढते आहे, निसर्गाला तिला वाव द्यायचा असेल, असा युक्तिवाद तो करतो. कॅप्टन आर्चर शेवटी त्रास सुसह्य करणारे औषध तेवढे देऊन निघून जातो. मेंक लोकांवरील अन्यायाचा मुद्दा खरा आहे, पण उत्क्रांतीचा आधार सपशेल चुकीचा आहे. उत्क्रांती कुणासाठी जागा मोकळी करत नसते; तिला ठरलेले मुक्कामाचे ठिकाण नाही. गांधीबागेजवळच्या मेयो रुग्णालयात खाटेवर आलेल्या रुग्णाला त्याच्या जमातीचे भवितव्य विचारून औषध देत नाहीत. १९७३ मध्ये बाबा आमटे यांनी हेमलकसा येथे लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तिथे माडिया गोंडांची भाषा शिकून घेतली आणि त्यांच्यावर उपचार केले. परक्या समाजात जाताना संकोच हवा, आणि औषधही हवे. या दोहोंत वैर नाही, हे विदर्भाने पाहिले आहे. 'होमवर्ड' (१९९४) मध्येही कॅप्टन पिकार्ड वातावरण नष्ट होत असलेल्या ग्रहावरच्या लोकांना नियमाखातर मरू द्यायला तयार असतो. एक गाव वाचते ते पिकार्डचा अधिकारी वॉर्फ याच्या मानलेल्या भावाने आज्ञा मोडल्यामुळे.

याउलट 'इन द पेल मूनलाइट' (१९९८) एक क्षणही झोपेत नाही. डोमिनियन या शत्रुसत्तेविरुद्धचे युद्ध हातचे जात असताना तटस्थ रोम्युलन साम्राज्याला आपल्या बाजूने ओढण्यासाठी कॅप्टन सिस्को खोटा पुरावा बनवून घेतो. रोम्युलन सिनेटर व्ह्रीनाक ती बनावट ओळखतो. मग या कटातला सिस्कोचा साथीदार गॅरॅक त्याचे यान उडवतो आणि ज्याने पुरावा बनवला त्यालाही संपवतो. रोम्युलन युद्धात उतरतात. सिस्को हे सगळे आपल्या दैनंदिनीत कॅमेऱ्याकडे पाहून सांगतो, या ओझ्यासकट जगता येईल अशी स्वतःची समजूत घालतो आणि नोंद पुसून टाकतो. लाखो जीव वाचले असतील. तरी पुसलेली नोंद आपण ऐकलेली असते, त्यामुळे सुटका नाही. या परिवारातला हा सर्वांत प्रामाणिक भाग म्हणावा लागेल.

यंत्रमानव डेटा हा वस्तू की व्यक्ती, याचा खटला 'द मेझर ऑफ अ मॅन' (१९८९) मध्ये चालतो. पटकथाकार मेलिंडा स्नॉडग्रास स्वतः वकिली केलेल्या, त्यामुळे वादविवाद भक्कम आहेत, आणि गुलामगिरीचा संदर्भ नेमक्या जागी येतो.

वाहिन्यांची भीती मात्र वेगळीच होती. बीबीसीने मूळ मालिकेचे चार भाग छळ आणि वेडाची दृश्ये असल्याच्या कारणाने अनेक वर्षे रोखून धरले. 'द हाय ग्राउंड' (१९९०) आयर्लंडच्या एकीकरणाच्या एका उल्लेखामुळे ब्रिटनमध्ये अडकला. बीबीसीने रोखलेल्या भागांत 'द एनिमी विदिन' मात्र नव्हता.

सर्वाधिक वाद झाला तो 'टुव्हिक्स'वर ('व्हॉयेजर', मे १९९६). टुव्हॉक आणि नीलिक्स हे जहाजावरचे दोघे सहकारी एका फुलासह वाहकयंत्रात एकजीव होऊन तिसराच माणूस तयार होतो. तो हुशार आहे, जहाजावर सगळ्यांचा लाडका होतो. त्याला वेगळे करण्याचा उपाय सापडतो तेव्हा तो जगू देण्याची विनवणी करतो. इजा न करण्याच्या आपल्या शपथेमुळे जहाजाचा डॉक्टर नकार देतो. म्हणून कॅप्टन जेनवे स्वतः यंत्र चालवते. दोन मित्र परत येतात. ती दालनातून बाहेर पडते, आणि भाग संपतो. दोन जीव विरुद्ध एक जीव, असा हिशेब तिच्या बाजूने मांडता येतो. पण समोर उभे राहून नाही म्हणणारा तो एकटाच होता. उरलेल्या दोघांच्या वतीने जेनवे बोलत होती. पुढच्या भागांत या घटनेचा कुणी विषयही काढत नाही. 'लोअर डेक्स' या व्यंगमालिकेने २०२३ मध्ये 'टूव्हिक्स' या भागात तो प्रसंग पुन्हा घेतला, आणि जेनवेने नेमके काय केले होते हे कळल्यावर तिथली पात्रे हादरतात.