विजिया: देवमासा पाहण्याची पूर्वपीठिका

मराठीत 'पाहणे' या क्रियेला अनेक शब्द आहेत आणि त्यांपैकी कोणताही दुसऱ्याची जागा पूर्णपणे घेऊ शकत नाही. न्याहाळणे, निरखणे, टेहळणे, हेरणे, टिपणे, दर्शन घेणे: या प्रत्येकात डोळ्यांचे काम जवळपास एकच असले, तरी पाहणाऱ्याचा हेतू वेगळा असतो. टेहळणारा कशाची तरी वाट पाहत असतो. हेरणाऱ्याच्या मनात पुढची कृती ठरलेली असते. दर्शन घेणाऱ्याला मात्र दर्शनापलीकडे काही नको असते, निदान तसा त्याचा दावा असतो. अलीकडच्या काळात जगभरच्या बेटांवर सुट्टी घालवायला जाणाऱ्यांसाठी बोटीतून देवमासे पाहण्याची जी सोय झाली आहे, तिचा इतिहास तपासताना हे शब्दभेद आम्हांला फार उपयोगी पडले. या इतिहासात डोळे तेच राहिले आहेत आणि त्यांचे क्रियापद बदलले आहे.

आमच्यापुढे उदाहरण आहे ते अझोर्स द्वीपसमूहाचे. अटलांटिक महासागरात, लिस्बनच्या पश्चिमेस सुमारे दीड हजार किलोमीटरवर, पोर्तुगालच्या ताब्यातील ही नऊ बेटे आहेत. त्यांतील पिको या बेटावर 2,351 मीटर उंचीचा ज्वालामुखी आहे. पोर्तुगालमधील ते सर्वांत उंच शिखर. डोंगर जसा समुद्रातून एकदम वर उठलेला आहे, तसाच समुद्राचा तळ किनाऱ्यापासून एकदम खाली गेलेला आहे. खोल पाण्यात बुडी मारून माखल्या खाणारा स्पर्म व्हेल त्यामुळे येथे किनाऱ्यावरून दिसेल इतका जवळ येतो. या बेटांवरच्या शिकारीचा आणि आजच्या पर्यटनाचा पाया हाच आहे.

अझोर्सचे नाव मराठी वाचकाला परके वाटण्याची शक्यता आहे. पण आपल्या किनाऱ्याच्या इतिहासाशी या बेटांचा संबंध जुना आहे. केप ऑफ गुड होपला वळसा घालून परतणारी पोर्तुगीज जहाजे वाऱ्याच्या दिशेमुळे आफ्रिकेचा किनारा सोडून अटलांटिकच्या मध्यात शिरत आणि अझोर्समार्गे लिस्बन गाठत. वास्को द गामा पहिल्या सफरीहून परतताना त्याचा भाऊ पाउलो 1499 मध्ये याच समूहातील तेर्सैरा बेटावर वारला. पुढे गोवा आणि कोची येथून माल भरून निघालेल्या जहाजांसाठी तेर्सैरावरील आंग्रा हे बंदर मुक्कामाचे ठिकाण झाले. साम्राज्याच्या नकाशात ही बेटे म्हणजे वाटेवरचा थांबा होती. तेथील माणूस जहाजांना पाणी, धान्य आणि वेळ पडल्यास स्वतःचे हातपाय पुरवीत असे.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हे हातपाय अमेरिकी देवमासेमारांना हवेसे झाले. नँटकेट आणि पुढे न्यू बेडफर्ड येथून निघणारी जहाजे अपुऱ्या माणसांनिशी निघत आणि अझोर्सला थांबून उरलेली भरती करीत. फायाल बेटावरच्या ओर्ता बंदरात 1806 ते 1892 या काळात डॅबनी घराण्याच्या तीन पिढ्यांनी अमेरिकेचे वाणिज्यदूत म्हणून काम केले. या जहाजांना रसद पुरवणे हा त्यांच्या व्यापाराचा मोठा भाग होता. बेटावरील तरुणांना जहाजावर जाण्याची कारणे भरपूर होती. जमीन थोडी होती, दारिद्र्य पुष्कळ होते आणि पोर्तुगीज सैन्यातील सक्तीच्या भरतीचे भय होते. रात्री गुपचूप जहाज गाठून पळून जाण्याला तेथे 'उडी मारणे' म्हणत. आजही न्यू बेडफर्ड परिसरात पोर्तुगीज वंशाची मोठी वस्ती आहे, तिचे एक मूळ या उडीत आहे.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना ही भरती ठाऊक असते, पण बहुधा तिच्याकडे त्यांचे लक्ष गेलेले नसते. हर्मन मेल्व्हिलच्या 'मोबी-डिक' (1851) या कादंबरीच्या सत्ताविसाव्या प्रकरणात अमेरिकी जहाजांवरील अझोर्सवासीयांचा उल्लेख आहे. खडकाळ किनाऱ्यांवरील या काटक शेतकऱ्यांना नँटकेटची जहाजे वाटेत उचलून घेतात, एवढे सांगून मेल्व्हिल पुढे सरकतो. चाळिसाव्या प्रकरणात जहाजावरील खलाशी एकेक वाक्य बोलतात, त्यांत 'अझोर्सचा खलाशी' आहे. त्याला देश आहे, नाव नाही. आम्ही वर्गात या कादंबरीतील प्रतीकांची चर्चा अनेक तास करतो. पांढऱ्या रंगाचा अर्थ, नियतीचा अर्थ, आहाबच्या सूडाचा अर्थ सांगतो. पण त्या होड्या वल्हवणाऱ्यांत गव्हाच्या आणि मक्याच्या शेतातून उठून आलेली माणसे होती, ही बाब सहसा तळटीपेतही येत नाही.

या माणसांपैकी काही परतली आणि परतताना विद्या घेऊन आली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायाल व पिको येथे किनाऱ्यावरून होड्या सोडून शिकार करण्याची पद्धत रुजली. सुरुवातीला होड्या अमेरिकेतून येत. 1890 च्या दशकात पिकोवरच त्या बांधल्या जाऊ लागल्या, अधिक लांब आणि निमुळत्या. होडीत सात माणसे असत. नाळेवर हार्पून फेकणारा, मागे सुकाणू धरणारा प्रमुख आणि मधे वल्हेकरी. इतर दिवशी हीच माणसे शेतात वा द्राक्षमळ्यात राबत किंवा लहान मासेमारी करीत.

या व्यवस्थेचा खरा कणा मात्र होडीत नव्हता. तो कड्यावर होता. किनाऱ्यालगतच्या उंच जागी दगडी, छोटीशी, समुद्राकडे आडवी फट ठेवलेली खोली असे. तिला 'विजिया' म्हणत आणि तीत बसणाऱ्या माणसालाही 'विजिया'च म्हणत. पोर्तुगीज भाषेने जागा आणि माणूस यांत भेद केला नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. पहाटेपासून दुर्बिणीने समुद्र विंचरत बसणे हे त्याचे काम. स्पर्म व्हेलचे नासाद्वार डोक्याच्या टोकाला डाव्या बाजूस असते. त्यामुळे त्याचा फवारा सरळ न उडता पुढे आणि डावीकडे तिरका उडतो. मैलोगणती अंतरावरून हा तिरकेपणा ओळखला की विजिया अग्निबाण उडवी. त्याच्या आवाजासरशी माणसे कुदळ जागीच टाकून धक्क्याकडे धावत. देवमासा बुडाला की पुढची पाऊण-एक तास तो कोणत्या दिशेला, किती दूर वर येईल याचा अंदाजही विजियालाच बांधावा लागे. पाण्यावर असलेल्या होडीला लाटांपलीकडचे दिसत नाही; तिचे डोळे जमिनीवर होते.

1949 मध्ये रॉबर्ट क्लार्क हा ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ अझोर्सला आला. मेल्व्हिलच्या काळातली, हाताने हार्पून फेकण्याची आणि भाल्याने मारण्याची पद्धत अजून चालू असल्याचे त्याने पाहिले. होड्या ओढण्यासाठी मोटारबोटी आल्या होत्या, पुढे संदेशासाठी रेडिओही आला, पण शेवटची गाठ माणसाच्या हाताशीच होती. 1954 मध्ये प्रसिद्ध झालेला क्लार्कचा अभ्यास या पद्धतीविषयीचा मूलभूत ग्रंथ मानला जातो. त्यानंतर तीनच वर्षांनी, 27 सप्टेंबर 1957 रोजी, फायालच्या पश्चिम टोकावरील विजियांना समुद्र उकळताना दिसला. कापेलिन्योश ज्वालामुखीच्या उद्रेकाची ती सुरुवात होती. देवमासा हेरायला बसलेल्या डोळ्यांनी आपत्तीची पहिली खबर दिली. तेरा महिने चाललेल्या या उद्रेकात राखेखाली शेते आणि घरे गेली. 1958 मध्ये अमेरिकेने अझोर्सच्या निर्वासितांसाठी खास कायदा केला आणि स्थलांतराची मोठी लाट आली. वल्ही मारणारे खांदे कमी होत गेले. तेलाला खनिज पर्याय होतेच. 1982 मध्ये आंतरराष्ट्रीय आयोगाने व्यापारी शिकारीवर स्थगिती आणण्याचा निर्णय घेतला. 1984 मध्ये पिकोवरील साँव रॉक येथील प्रक्रिया-कारखाना बंद पडला, आणि 1987 मध्ये लाजेश गावच्या लोकांनी शेवटचा देवमासा मारला.

येथून पुढचा इतिहास आम्हांला अधिक महत्त्वाचा वाटतो. शिकार संपली तेव्हा कड्यावरच्या खोल्या रिकाम्या झाल्या आणि त्यांत बसणारे जाणकार बिनकामाचे झाले. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस बाहेरून आलेल्या काही खलाशांनी लाजेश येथे पर्यटकांना बोटीतून देवमासे दाखवण्याचा उपक्रम सुरू केला. महासागरात देवमासा शोधायचा कसा, या प्रश्नाचे उत्तर गावात तयार होते. जुनेच विजिया पुन्हा जुन्याच खोल्यांत जाऊन बसले.

पोर्तुगीज दप्तरांच्या निमित्ताने लिस्बनपर्यंत गेलेलो असताना सुट्टीचे चार दिवस आम्ही पिकोवर काढले, तेव्हा ही व्यवस्था प्रत्यक्ष पाहता आली. लाजेशच्या धक्क्यावरून रबरी काठाची वेगवान बोट निघाली. किनाऱ्याबाहेर पडताच चालकाने इंजिन मंद केले आणि रेडिओवर कान लावला. पलीकडचा आवाज केमादा नावाच्या टेहळणी-मनोऱ्यातून येत होता. आम्हांला चहूकडे पाण्याखेरीज काही दिसत नव्हते. त्या आवाजाला दिसत होते. थोडे दक्षिणेला, आणखी थोडे, आता थांबा. पाण्यात सोडलेल्या ध्वनिग्राहकातून टकटक असा नियमित आवाज येत होता. स्पर्म व्हेल खोल अंधारात त्या आवाजाने आपले भक्ष्य शोधतो. काही वेळाने पाणी फुगले, तिरका फवारा उडाला, आणि ओल्या खडकासारखी पाठ वर आली. बोट मागच्या अंगाने, ठरलेले अंतर राखून, सावकाश जात होती. याविषयीचे नियम प्रादेशिक शासनाने 1999 पासून कायद्याने घातले आहेत. सुमारे दहा मिनिटे श्वास घेऊन त्या प्राण्याने शेपूट उभी केली आणि तो खाली गेला. बोटीतल्या सर्वांनी नकळत श्वास रोखला होता. त्या क्षणाला 'दर्शन' हाच शब्द योग्य होता हे आम्ही नाकारणार नाही. भाषेने या प्राण्याच्या नावात आधीच 'देव' घालून ठेवलेला आहे.

पण दर्शन घेणाऱ्याने रेडिओवरचा आवाज विसरू नये, हा या लेखाचा मुद्दा आहे. निसर्ग पाहायला जाणारा आजचा पर्यटक स्वतःला निरपराध समजतो; शिकारी ही त्याच्या दृष्टीने मागासलेल्या काळातली दुसरी माणसे असतात. अझोर्सचा इतिहास ही विभागणी टिकू देत नाही. तिरका फवारा ओळखण्याचे ज्ञान मारण्यासाठीच मिळवलेले आहे. पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी भुकेपोटी समुद्राकडे रोखून पाहिले, म्हणून आपल्याला आज तीन तासांत देवमासा दिसतो. हे मान्य केल्याने शिकारीचे समर्थन होत नाही. व्हेलची संख्या आणि त्याची वेदना हे दोन्ही मुद्दे शिकारीच्या विरोधातच जातात, आणि ती थांबली हे योग्यच झाले. परंतु ज्ञान वापरायचे आणि ज्ञात्याला रानटी ठरवायचे, हा व्यवहार प्रामाणिक नाही.

अझोर्सच्या साहित्याने हा गुंता आधीच ओळखलेला दिसतो. तेर्सैरात जन्मलेल्या व्हितोरिनो नेमेझियोच्या 1944 च्या 'माउ तेंपु नु कनाल' या कादंबरीत शिकार हा बेटावरील वर्गव्यवस्थेचाच भाग आहे. दियाश द मेलो हा पिकोवरच्या शिकारी गावातला, पेशाने शिक्षक असलेला लेखक. त्याच्या 'पेद्राश नेग्राश' (1964) मध्ये वल्हेकऱ्यांचे दारिद्र्य आणि परागंदा होणे आतून सांगितलेले आहे. मेल्व्हिलने ज्याला नाव दिले नाही त्याला येथे घर, कर्ज आणि आई आहे. इटालियन लेखक अंतोनियो ताबुक्कीचे 'दोन्ना दि पोर्तो पिम' हे पुस्तक 1983 मध्ये, म्हणजे शिकार अखेरच्या घटका मोजत असताना आले. त्याच्या शेवटी एक छोटा मजकूर आहे, आणि त्यात देवमासा माणसांकडे पाहतो. टेहळणीची दिशा उलटी केल्याबरोबर माणूस किती विचित्र दिसतो याचा अनुभव तेथे येतो. तौलनिक साहित्याच्या अभ्यासक्रमात 'मोबी-डिक'सोबत या तीन पुस्तकांना जागा मिळाली, तर विद्यार्थ्यांना समुद्र केवळ प्रतीक म्हणून शिकावा लागणार नाही.

आपल्या किनाऱ्यावरही असे ज्ञान आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासला कासवांची अंडी नेणाऱ्या गावानेच 2002 पासून ती राखायला घेतली. वाळूवरचा माग ओळखणारी नजर आधी गोळा करणाऱ्याची होती, मग राखणाऱ्याची झाली. या बदलाची नोंद आपण पर्यावरणाच्या यशोगाथेत करतो आणि ते ठीकच आहे. पण माग ओळखण्याचे शब्द, वाऱ्यांची आणि भरतीची नावे, अंदाज बांधण्याची रीत हे सारे भाषेचे धन आहे आणि ते टिपून ठेवणे हे मराठीच्या विभागांचे काम आहे. लाजेश येथे जुन्या होड्यांच्या वखारीत देवमासेमारांचे संग्रहालय आहे. तेथे हार्पून, होड्या आणि दातांवरील कोरीवकाम काचेआड जपलेले आहे. नजर मात्र काचेआड ठेवता येत नाही. ती एका माणसाशेजारी दुसरा माणूस अनेक उन्हाळे बसला तरच पुढे जाते. ज्या दिवशी केमादाच्या खोलीत शिकवणारा कोणी उरणार नाही, त्या दिवशी पर्यटकांच्या बोटी निघतील आणि यंत्रेही असतील. पण दहा मैलांवरच्या पांढऱ्या ठिपक्यांतून लाट कोणती आणि श्वास कोणता, हे सांगणारा आवाज रेडिओवर नसेल.