सतरावा सेक्टर

दोन आठवड्यांपूर्वी शुक्रवारी रात्री मामाचा फोन आला. "अरे, प्रेसचा कॉम्प्युटर गेला. तू इंजिनिअर ना? ये उद्या." इंजिनिअर भाच्यांची किंमत अशा वेळीच कळते. शनिवारी सकाळची एसटी पकडून कराडला पोचलो.

मामाचा छापखाना छोटा आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं आणि अधूनमधून एखादं पुस्तक. गावातल्या एका निवृत्त मास्तरांच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढायची होती. पहिली आवृत्ती २००६ साली मामानेच अक्षरजुळणी करून छापली होती. ती सगळी पानं युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये, एका जुन्या मराठी डीटीपी सॉफ्टवेअरमध्ये. ते सॉफ्टवेअर चालतं फक्त विंडोज एक्सपीवर, तेही पॅरलल पोर्टला डोंगल लावला तरच. मास्तर ८४ वर्षांचे आहेत. नव्याने टाइप करून, प्रुफं तपासून घ्यायची म्हटली तर सहा महिने जातील. मामा एवढंच म्हणाला, "सहा महिने थांबायला नको रे."

हार्ड डिस्कमधल्या फाइली वाचल्या होत्या, मेला होता मदरबोर्ड. मामाने कुणाकडून तरी २०१० च्या आसपासचं एक डबडं आणून ठेवलं होतं, पॅरलल पोर्टसकट. एक्सपीची मूळ सीडी आणि पाकिटावरची कीसुद्धा जपलेली. मला वाटलं, तासाभराचं काम.

सीडी घातली, सेटअप सुरू झाला आणि निळा पडदा! शून्य-एक्स-सात-बी. सेटअपला हार्ड डिस्कच दिसत नव्हती. यात एक्सपीचा दोष म्हणावा तर तसाही नाही. ती आली ऑक्टोबर २००१ मध्ये, आणि साटा डिस्कशी बोलायची एएचसीआय ही पद्धत जाहीर झाली २००४ मध्ये. जन्माआधीची ओळख कशी असणार? बायॉसमध्ये जुन्या आयडीई पद्धतीवर जायची सोय या मशीनला नव्हती. एफ-६ दाबून फ्लॉपीवरून ड्रायव्हर देता येतो, पण फ्लॉपी ड्राइव्ह आणायचा कुठून? उरला एकच मार्ग: ड्रायव्हर आत घालून स्वतःची बूट होणारी सीडी बनवणं.

एनलाइट नावाचं जुनं साधन हे काम मुकाट्याने करतं. ते मी व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवलं आणि तयार फोल्डर माझ्या लिनक्स लॅपटॉपवर घेतलं. (मग छपाईचं कामही व्हर्च्युअल मशीनमध्येच का नाही केलं? डोंगल! माझ्या लॅपटॉपला पॅरलल पोर्ट नाही.) एका चित्रमय बर्निंग प्रोग्रॅममधून पहिली डिस्क लिहिली. काळा पडदा आणि डावीकडे वर लुकलुकणारा कर्सर, बस्स.

रागाच्या भरात मी वाचायला बसलो आणि रात्री दोन वाजेपर्यंत वाचतच राहिलो.

१९८१ च्या आयबीएम पीसीला सुरू होताना एकच गोष्ट येत होती. डिस्कच्या पहिल्या सेक्टरमधले ५१२ बाइट उचलायचे, मेमरीत ठरलेल्या जागी ठेवायचे आणि तिथे उडी मारायची. सीडी आली वेगळ्याच घराण्यातून. तिचा सेक्टर २०४८ बाइटचा. तिच्यावर फाइली कशा मांडायच्या हे ठरवायला १९८५ मध्ये कंपन्यांची माणसं लेक टाहोजवळच्या हाय सिएरा नावाच्या हॉटेलात जमली, म्हणजे चक्क कसिनोत. त्या बैठकीतून पुढे १९८८ चं आयएसओ ९६६० हे मानक झालं. पण सीडीवरून मशीन सुरू करायचा विचार त्या वेळी पीसीवाल्यांनी केला नव्हता. सीडी म्हणजे संदर्भग्रंथ, तो कपाटातून काढून वाचायचा.

दहा वर्षांनी ऑपरेटिंग सिस्टिम फ्लॉप्यांच्या चळतीत मावेनाशा झाल्या. जानेवारी १९९५ मध्ये फिनिक्सचे कर्टिस स्टीव्हन्स आणि आयबीएमचे स्टॅन मर्किन यांनी तोडगा लिहिला. त्याचं नाव 'एल टोरिटो', म्हणजे छोटा बैल. कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइनमधल्या एका मेक्सिकन रेस्टॉरंटचं हे नाव. (आपल्याकडे हे घडतं तर मानकाचं नाव 'वैशाली' झालं असतं.)

तोडगा मजेशीर आहे. सीडीच्या सतराव्या सेक्टरमध्ये, शून्यापासून मोजत, एक पाटी लावायची. तिच्यावर 'एल टोरिटो स्पेसिफिकेशन' ही अक्षरं आणि पुढच्या यादीचा पत्ता. त्या यादीत लिहायचं, की बायॉसबाबा, ही सीडी नाही, १.४४ एमबीची फ्लॉपी आहे असं समजा. बायॉस बिचारा ते खरं मानतो, तिला 'ए' ड्राइव्ह म्हणतो आणि खरी फ्लॉपी असलीच तर ती 'बी' होते. विंडोज ९८ च्या बूट होणाऱ्या सीड्या अशाच सोंगावर चालल्या. त्याच मानकात एक प्रामाणिक पर्यायही होता: सोंग नको, एवढे सेक्टर उचल आणि चालव. एक्सपी ह्या दुसऱ्या वाटेने जाते.

माझा घोळ इथेच होता. किती सेक्टर उचलायचे हा आकडा ५१२ च्या हिशेबात लिहायचा असतो, सीडीच्या २०४८ च्या नाही. एक्सपीचा बूट सेक्टर २०४८ बाइटचा, म्हणजे आकडा हवा चार. माझ्या प्रोग्रॅमने एक लिहिला होता. पाव तुकडा उचलून बायॉसने उडी मारली आणि पडला खड्ड्यात.

मग चित्रमय प्रोग्रॅम सोडून मेकआयसोएफएसकडे वळलो. जुन्या सूचनांमध्ये 'लोड सेगमेंट १९८४' असं दिसलं. मला वाटलं, कुणीतरी साल टाकलंय! पण १९८४ गुणिले १६ म्हणजे ३१७४४, आणि तेवढेच उरतात ३२ केबीतून शेवटचा एक केबी वजा केला की. १९८१ च्या पीसीत बूट सेक्टर ठेवायची हीच ती जागा. मामाच्या डबड्यात दोन जीबी मेमरी होती, तरी बूट सेक्टर उतरणार त्या ३२ केबीच्या काठावरच.

दुसरी डिस्क. या वेळी निदान बोलली तरी: 'सीडीबूट: कुडन्ट फाइंड एनटीएलडीआर'. फाइल तर डोळ्यांसमोर दिसतेय! तिसऱ्या डिस्कलाही तेच. (आधी व्हर्च्युअल मशीनमध्ये तपासून बघावं हे शहाणपण तिसरी डिस्क वाया गेल्यावर सुचलं.) शेवटी आयसोची कच्ची बाइटं उघडली. फाइलच्या नावापुढे शेपूट होतं, अर्धविराम आणि एक. आयएसओ ९६६० मध्ये प्रत्येक फाइलला आवृत्तीचा आकडा असतो. डीईसीच्या व्हीएमएस सिस्टिममध्ये नावं अशीच लिहीत, आणि हाय सिएराच्या बैठकीत डीईसीची माणसंही होती. पुढे जवळजवळ सगळ्यांनीच त्या शेपटाकडे दुर्लक्ष केलं. एक्सपीचा बूट सेक्टर मात्र दोन केबीत बसवलेला, तो नाव अक्षराला अक्षर जुळवून बघतो. शेपूट दिसलं की त्याच्या लेखी फाइल नाही. ते शेपूट काढायला एकच पर्याय आहे, मोठा एन. त्याच्या माहितीत लिहिलंय की याने मानकाचा भंग होतो. होऊ दे.

ता. क. म्हणून सांगतो. आज पेनड्राइव्हवर टाकायला उबंटूचा आयसो उतरवलात, तर त्याच्या सतराव्या सेक्टरमध्येही ते रेस्टॉरंट आहे. मी बघितलं. पेनड्राइव्हसाठीचा वेगळा बूट सेक्टर असतो सुरुवातीच्या सोळा सेक्टरांत, कारण हाय सिएरावाल्यांनी ते मोकळे सोडले होते.

असो. चौथी डिस्क रविवारी दुपारी चालली. एक्सपीची देखभाल एप्रिल २०१४ मध्ये संपलीये, म्हणून नेटवर्कची वायर काढूनच ठेवली. ॲक्टिव्हेशनला तीस दिवस मिळतात, आम्हाला एक दिवस पुरला. डोंगल लावला, फाइल उघडली. एकूण २१२ पानं, जोडाक्षरं जागच्या जागी. प्रत्येक प्रकरणाची पीडीएफ काढून मामाने पेनड्राइव्हवर घेतली आणि मास्तरांना फोन लावला. मास्तरांनी पहिला प्रश्न विचारला, "पान ४७ वरची ती चूक आता दुरुस्त करता येईल ना?"

मामाने माझ्याकडे बघितलं. मी पुन्हा खुर्ची ओढली.