धास्तीच्या सावलीतले बालपण : सोलापूरच्या इतिहासाचा एक धडा



परीक्षा जवळ आली की मुलाच्या पोटात दुखू लागते. काल रात्री तोंडपाठ म्हणून दाखवलेले आज वर्गात आठवत नाही. मोठ्या मुलीला झोप लागत नाही आणि धाकटा अंथरूण ओले करतो. आपल्या घराघरांतून ऐकू येणाऱ्या या तक्रारी आहेत. त्यांवर आपण पटकन निकाल देऊन मोकळे होतो : "नाटक करतो", "आळशी आहे", "हिचे लक्षच नाही". पण हा निकाल देण्यापूर्वी जरा इतिहासात डोकावून पाहू या. मुलाच्या शरीरावर सततच्या धास्तीचा काय परिणाम होतो, हे शास्त्राने जगाच्या पाठीवर शोधून काढले आहे; आणि त्या शोधाची साक्ष आपल्या सोलापूर शहराचा इतिहासही देतो.

पूर्वसूरींचे शहाणपण

हा विचार पश्चिमेकडून नव्याने आलेला आहे, असे समजण्याचे कारण नाही. हकीम इब्न सीना (इ. स. ९८० ते १०३७) यांनी आपल्या 'अल्-कानून' या वैद्यकग्रंथात बालसंगोपनाचा स्वतंत्र विचार केला आहे. मुलाला तीव्र राग, भय, दुःख आणि जागरण यांपासून जपावे, त्याला खेळू द्यावे, आणि सहाव्या वर्षी शिक्षकाकडे पाठवले तरी एकदम पुस्तकाला जखडून ठेवू नये, असे ते सांगतात. मनाचे बिघडले की शरीराचेही बिघडते, हे या हकिमाने हजार वर्षांपूर्वी ओळखले होते.

पुढे चौदाव्या शतकात इतिहासकार इब्न खल्दून यांनी 'मुकद्दिमा' या ग्रंथात, विद्यार्थ्यांशी कठोरपणे वागल्याने त्यांचे नुकसान होते हे दाखविण्यासाठी एक प्रकरणच लिहिले. माराच्या धाकात वाढलेले मूल उमेद गमावते, आळशी होते, आणि शिक्षा चुकविण्यासाठी खोटे बोलायला शिकते, असे त्यांचे निरीक्षण आहे. आपल्या देशात २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेतील शारीरिक शिक्षेवर आणि मानसिक छळावर बंदी घातली. तेच तत्त्व इब्न खल्दून यांनी सहाशे वर्षांपूर्वी मांडले होते.

शरीरात काय घडते?

विसाव्या शतकात या शहाणपणाला प्रयोगाचा आधार मिळाला. संकट समोर येताच प्राण्याचे शरीर लढण्यासाठी किंवा पळण्यासाठी कसे सज्ज होते, हे अमेरिकेतील वॉल्टर कॅनन यांनी दाखविले. छाती धडधडते, श्वास जलद होतो, रक्त स्नायूंकडे धावते आणि पचनाचे काम मंदावते. १९३६ साली कॅनडातील हान्स सेल्ये यांनी आणखी एक गोष्ट पुढे आणली. उंदरांना थंडी, जखम, अतिश्रम किंवा विष यांपैकी कोणताही त्रास दिला, तरी त्यांच्या शरीरात सारखेच बदल होत होते, आणि त्रास लांबला की शरीर थकून ढासळत होते. 'स्ट्रेस' म्हणजे ताण हा शब्द या अर्थाने रूढ झाला तो त्यांच्यामुळेच.

या सज्जतेची साखळी समजून घेणे कठीण नाही. डोळ्यांनी किंवा कानांनी धोक्याची वर्दी दिली की मेंदूतील अमिग्डाला नावाचे छोटे केंद्र जागे होते. मज्जासंस्थेतून हुकूम सुटतो आणि मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी प्रथम ॲड्रेनलिन आणि मागोमाग कॉर्टिसॉल हे स्राव रक्तात सोडतात. संकट टळले की हे स्राव ओसरतात आणि शरीर पुन्हा शांत होते. हे सारे हिताचेच आहे. शर्यतीपूर्वी किंवा भाषणापूर्वी छाती धडधडली, म्हणून कोणाचे नुकसान होत नाही.

खरी अडचण येते ती संकट टळतच नाही तेव्हा. विहिरीवरची मोटार पाणी आल्यावर बंद करायची असते. ती रात्रंदिवस चालू ठेवली तर जळते. १९६८ साली ब्रूस मॅकइवेन यांनी उंदरांवरील प्रयोगात दाखविले की, हा ताणाचा स्राव मेंदूतील हिपोकॅम्पस या भागात, म्हणजे स्मरणाच्या केंद्रातच, जाऊन बसतो. सततच्या ताणाने स्मरण आणि एकाग्रता यांची केंद्रे दुबळी होतात, तर धोका हुंगणारे केंद्र अधिक तिखट होते, असे पुढील संशोधनातून दिसून आले. मुलाचा मेंदू तर अजून घडत असतो. ओल्या मातीवर बोट लवकर उमटते. म्हणूनच पाठ केलेले विसरणारा मुलगा खोटे बोलत असेलच असे नाही. त्याचा मेंदू पाठ सांभाळण्याऐवजी पहारा देण्यात गुंतलेला असू शकतो.

भोंग्याच्या गावातील मुले

आता आपल्या शहराकडे वळू. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. सोलापूर जिल्हा त्यात होरपळला. त्याच काळात, १८७७ साली, येथे पहिली कापडगिरणी सुरू झाली. तिलाच पुढे लोक 'जुनी मिल' म्हणू लागले. मागोमाग लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी अशा गिरण्या उभ्या राहिल्या आणि भोंगा हे शहराचे घड्याळ झाले. गावच्या बैलाला सूर्य कळत असे. गिरणीच्या कामगाराला भोंगा कळू लागला.

या भोंग्याला मुलेही जुंपली गेली. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास मनाई केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली. ही मर्यादा म्हणजे सुधारणा होती! त्यापूर्वीची स्थिती काय असेल, याची कल्पना वाचकांनी करावी. १८९१ साली किमान वय नऊ झाले, १९२२ साली बारा झाले आणि १९४८ च्या कायद्याने ते चौदावर आले. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. हे कायदे मिळविणाऱ्यांना कॉर्टिसॉलचे नावही ठाऊक नव्हते. पण वाढत्या देहाला विसावा लागतो, एवढे त्यांना नक्की कळले होते.

पुढे एकेक करून या गिरण्या बंद पडल्या. भोंगा थांबला, पण घरातील धास्ती थांबली नाही. ठरलेल्या तारखेला पगार आणणारे वडील यंत्रमागाच्या रोजावर, रिक्षावर किंवा हमालीवर गेले. आज काम आहे, उद्याचे माहीत नाही, अशी अवस्था झाली. मुलाला हिशेब कळत नाही, पण वडिलांच्या पावलांचा आवाज कळतो, आईचा दबलेला स्वर कळतो.

विडीकामाचेही तेच. आपल्या शहरातील हजारो स्त्रिया घरी बसून विड्या वळतात आणि हजाराच्या हिशेबाने मजुरी घेतात. पान खराब निघाले, माल 'छाट' म्हणून बाजूला टाकला गेला, की दिवसाचे गणित कोलमडते. हजार पुरे करण्यासाठी मुलगी आईच्या सुपाजवळ बसते आणि दप्तर कोपऱ्यात राहते. त्या मुलीला कष्टांचे भय नाही. तिचा जीव टांगणीला लागलेला असतो तो अनिश्चिततेने.

धास्तीला धर्म नसतो

या शहराने भयाचे मोठे प्रसंगही पाहिले आहेत. मे १९३० मध्ये येथे मार्शल लॉ पुकारला गेला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लाप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी देण्यात आली. त्या चौघांचा आपण अभिमानाने गौरव करतो. पण लष्कराचा पहारा असलेल्या रस्त्यांमागे, बंद दारांआड श्वास रोखून बसलेली मुलेही होती. त्यांचा इतिहास कोणी लिहिला नाही.

१९४८ साली रझाकारांच्या भयाने निजामी हद्दीतील अनेक हिंदू कुटुंबे सोलापूर जिल्ह्याच्या आश्रयाला आली. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य सोलापूरहूनच नळदुर्गच्या दिशेने निघाले. निजामाच्या शरणागतीनंतर मराठवाड्यातील अनेक मुसलमान कुटुंबांवर तीच पळापळीची वेळ आली. त्यांची हकीकत जाणून घेण्यासाठी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांची समिती पाठविण्यात आली होती. रात्री दारावर थाप पडली की दोन्हीकडच्या मुलांची छाती सारखीच धडधडली असेल. धास्तीला धर्म नसतो.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीच्या भूकंपाने हजारो माणसे गिळली. तेथील जखमींना सोलापुरातही आणण्यात आले. धक्के येत राहिल्याने पुढे कित्येक रात्री लोक घरात झोपायला धजत नव्हते. दगडमातीच्या ज्या छपराने थंडीवाऱ्यापासून राखले, त्याचेच भय वाटू लागले.

अशा वेळी मुलांना काय वाचवते? दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँब पडत असताना ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांनी मुलांसाठी निवासगृहे चालविली. त्यांना असे आढळले की, आईजवळ राहून बाँबहल्ले सोसणारी मुले बरीचशी सावरली; सुरक्षित जागी पाठविलेली, पण आईपासून तुटलेली मुले अधिक खचली. मुलाच्या लेखी सुरक्षितता म्हणजे जवळचे, शांत माणूस.

खुणा ओळखा

पालकहो, धास्तावलेले मूल "मला ताण आला आहे" असे सांगत नाही. त्याचे शरीर ते सांगते. वारंवार पोट किंवा डोके दुखणे, भूक मंदावणे, झोपेतून दचकून उठणे, सुटलेली अंथरूण ओले करण्याची सवय परत येणे, नखे कुरतडणे, जराशा आवाजाने दचकणे, एकाएकी संतापणे किंवा अगदी गप्प होणे, अभ्यासात मागे पडणे, या त्या खुणा आहेत. यांपैकी एखादी चार दिवस दिसली म्हणून घाबरू नये. पण काही आठवडे टिकली तर डॉक्टरांना दाखवावे, कारण जंत, रक्तक्षय किंवा नजरेचा दोष यांनीही मूल असेच कोमेजते.

दुर्लक्षाची किंमत पुढे मोजावी लागते. अमेरिकेत विन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांनी नऊ हजारांहून अधिक प्रौढांच्या बालपणाची चौकशी करून १९९८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. मारहाण, व्यसनी घर, आईचा छळ असे प्रसंग बालपणी जितके अधिक, तितके मोठेपणी हृदयविकार, नैराश्य आणि व्यसने यांचे प्रमाण अधिक आढळले.

म्हणून निराश होण्याचे कारण नाही. हवाई बेटांपैकी कवाई येथे १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि सहकाऱ्यांनी अनेक दशके मागोवा घेतला. दारिद्र्य आणि कलह यांत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एकतृतीयांश मुले कर्तबगार आणि मायाळू माणसे झाली. त्यांच्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला निदान एक तरी भरवशाचे माणूस आले होते : आजी, मावशी, शेजारी किंवा शिक्षक.

आपण काय करावे?

घरातील गरिबी एका दिवसात हटणार नाही. पण घरातील अनिश्चितता कमी करणे पुष्कळसे आपल्या हाती आहे. जेवणाची आणि झोपेची वेळ ठरवावी. शाळकरी मुलाला रात्री नऊ ते बारा तास झोप हवी. मोबाईल उशाशी नसावा. पैशाचे भांडण मुलासमोर करू नये. अडचण असल्यास थोडक्यात आणि शांतपणे सांगावी, कारण मूल अर्धवट ऐकून मोठे भय रचते. दिवसातून दहा मिनिटे तरी त्याचे बोलणे मध्ये न तोडता ऐकावे. रोज खेळू द्यावे. शेजारच्या मुलाच्या गुणांशी त्याचे गुण ताडून पाहू नयेत.

विद्यार्थीमित्रांनो, भीती वाटणे ही भेकडपणाची खूण नव्हे. छाती धडधडू लागली तर श्वास सावकाश घ्या आणि त्याहून सावकाश सोडा. त्याने मज्जासंस्थेचा शांत करणारा भाग कामाला लागतो. मनातले एका तरी मोठ्या माणसाजवळ बोला. घरात बोलता येत नसेल तर १४४१६ या क्रमांकावर 'टेलिमानस' ही सरकारी सेवा २०२२ पासून उपलब्ध आहे. तेथे सल्ला विनामूल्य मिळतो.

समाजाचेही कर्तव्य आहेच. १ सप्टेंबर २००६ रोजी कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांसाठी बांधलेली दहा हजार घरे पंतप्रधान मनमोहनसिंग यांच्या हस्ते अर्पण झाली. त्यामागे या स्त्रियांचा आणि नरसय्या आडम यांच्यासारख्या कार्यकर्त्यांचा दीर्घ लढा होता. दर महिन्याच्या भाड्याची धास्ती गेली की मुलाची झोपही सुधारते. वसतिगृह, शिष्यवृत्ती, संध्याकाळची अभ्यासिका, प्रेमळ शिक्षक ही सारी मुलाच्या आरोग्याचीच कामे आहेत.

नमाज लांबवण्याचा विचार असतानाही मूल रडताना ऐकू आले, तर हजरत पैगंबर (स.) त्या आईची घालमेल जाणून नमाज आटोपती घेत, अशी हदीस आहे. इबादतीच्या घटकेलाही ज्यांनी मुलाचे रडणे ऐकले, त्यांचे आपण अनुयायी. भोंगा गेला, गिरण्या गेल्या. आता तरी आपल्या मुलांचे न बोललेले रडणे आपल्याला ऐकू यावे. आज संध्याकाळी घरी गेल्यावर गुणपत्रिका मागण्याआधी मुलाला जवळ बसवून एवढेच विचारा : "बेटा, आज दिवस कसा गेला?" आणि मग गप्प राहून ऐका.