गॅसबत्तीची निगा

गॅसबत्ती म्हटली की लग्नाची वरात आणि डोक्यावर बत्त्या घेतलेली माणसे डोळ्यांपुढे येतात. आपली ती बत्ती रॉकेलची. तिचीच एक बहीण अमेरिकेत पेट्रोलवर जळत असे. तिची हकीकत वाचनात आली, ती आपल्या घरकामाच्या फार जवळची वाटली, म्हणून येथे देत आहे.

या दिव्याचा जीव मेंटलमध्ये. ऑस्ट्रियाचे रसायनशास्त्रज्ञ कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी १८८५ साली मेंटलचे पेटंट घेतले. १८९१ साली त्यांनी ९९ भाग थोरियम व १ भाग सेरियम असे प्रमाण बसविले. कापडाची जाळीदार पिशवी या क्षारांत भिजवावयाची. पहिल्यांदा पेटविली की कापड जळते व राखेची जाळी उरते. तीच तापून शुभ्र उजेड देते. या उजेडाशी आपल्या देशाचाही संबंध आहे. १९०९ साली शोम्बर्ग नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाला काथ्याबरोबर गेलेल्या वाळूत थोरियम असलेले मोनाझाइट सापडले. ती वाळू त्रावणकोरातील मनवलकुरिचीच्या किनाऱ्याची होती.

१९०० साली विल्यम कॉफिन कोलमन हा तरुण ओक्लाहोमातील किंगफिशर गावी पेट्रोलचे दिवे विकावयास गेला. पण तेथील दुकानदार आधीच पोळलेले! पूर्वी कोणी विक्रेता दिवे गळ्यात मारून निघून गेला होता, आणि नळ्या काजळीने चोंदून ते बंद पडले होते. तेव्हा कोलमनने दिवे विकण्याऐवजी भाड्याने दिले. आठवड्याला एक डॉलर, देखभाल त्याची, आणि दिवा लागला नाही तर पैसे नाहीत. या बोलीवर धंदा उभा राहिला. १९०२ साली तो विचिटा शहरी गेला. १९१४ साली वाऱ्यापावसात टिकणारा कंदीलही निघाला. १९३५ साली अमेरिकेत खेड्यांना वीज देण्याचे सरकारी काम सुरू झाले, तेव्हा दहा शेतघरांतील जेमतेम एकात वीज होती. काचा पुसणे, वाती कातरणे हे काम तेथेही बायकांच्याच वाट्याला असे.

दिवा तोच, एकाच्या हातून बंद पडला, दुसऱ्याच्या हातून गाव उजळले. फरक निगेचा. जुना दिवा पुन्हा लावावयाचा तरी हेच करावे लागते. टाकीतील जुने तेल काढून गंज पाहावा. रिकाम्या टाकीत हवा भरून ती पाण्यात धरावी. बुडबुडे आले तर गळती समजावी. पंपाचे चामडे वाळले असेल तर तेलाचे दोन थेंब द्यावेत. चोंदलेली नळी साफ करावी किंवा बदलावी. मग नवे मेंटल बांधून राख होईपर्यंत जाळावे.

दोन गोष्टी मात्र विसरू नयेत. रॉकेलच्या बत्तीत पेट्रोल कधीही घालू नये, आणि कोणतीही बत्ती बंद खोलीत लावू नये. विषारी वायू कोंडतो. जुन्या मेंटलमधील थोरियम किंचित किरणोत्सर्गी असते. त्याची राख फुंकू नये, ओल्या फडक्याने टिपावी व हात धुवावेत.

आपल्या माळ्यावर अशी बत्ती असेल, तर मोडीत देण्यापूर्वी एकदा खाली काढून पाहावी. बहुतेकदा बिघाड एका वाळलेल्या चामड्याचाच निघतो.