रोगण, ड्यूको आणि ओरखडा

मोटारीच्या अंगावरचा बारीक ओरखडा घासून घालविण्याची जी विद्या आज गल्लीबोळांतल्या गॅरेजांत ‘रबिंग’ या नावाने चालते, ती मुळात ओरखड्यासाठी जन्मलेलीच नाही. तिचा उगम घोडागाड्यांच्या कारखान्यांत, रंगाला चकाकी आणण्याच्या खटाटोपात आहे. विलायतेत आणि अमेरिकेत बग्ग्या रंगविणारे कारागीर तेलरंगाचे व रोगणाचे हातावर हात देत, प्रत्येक हात वाळला म्हणजे प्युमिस या ज्वालामुखीजन्य दगडाची भुकटी पाण्यात कालवून तो घासून सपाट करीत, आणि या दस्तुराने एक गाडी हातावेगळी होण्यास कित्येक आठवडे लागत. मोटार आली ती हाच वारसा घेऊन.

ही कोंडी फोडली ती बंदुकीच्या दारूने. पहिल्या महायुद्धात दारूगोळा पुरवून गबर झालेल्या ड्यूपाँ कंपनीला तहानंतर त्या दारूतल्या नायट्रोसेल्युलोजसाठी नवे गिऱ्हाईक हवे होते. तिच्या रसायनज्ञांनी त्याचेच झटपट वाळणारे रोगण सिद्ध केले, आणि जनरल मोटर्समध्ये तिचे मोठे भांडवल गुंतलेले असल्यामुळे गिऱ्हाईकही घरचेच मिळाले. १९२३ साली जनरल मोटर्सच्याच ओकलंड गाडीवर हा ‘ड्यूको’ निळ्या रंगात चढला आणि आठवड्यांचे काम तासांवर आले. मात्र पिचकारीतून उडविलेला हा रंग वाळल्यावर मंद दिसे. त्यातली झळाळी घासूनच बाहेर काढावी लागे. थ्री एम कंपनीने १९२१ मध्ये पाण्यात भिजवून वापरण्याचा घासकागद, म्हणजे आपला ‘वॉटर पेपर’, बाजारात आणला होताच. त्याने कारागिराच्या छातीत जाणारी धूळही पुष्कळ कमी केली. रंगाची ती जात केव्हाच मागे पडली, पण आपल्याकडे मोटारीच्या रंगकामाला, इतकेच काय, लाकडी कपाटावरच्या गुळगुळीत रंगालाही ‘ड्यूको’ म्हणण्याचा प्रघात अद्याप कायम आहे.

घासल्याने ओरखडा भरून येतो, ही सार्वत्रिक समजूत मात्र निव्वळ भ्रम होय. ओरखडा दिसतो तो त्याच्या कडांवर प्रकाश विखुरतो म्हणून. रबिंगवाला या कडा आणि भोवतालचा पृष्ठभाग खरवडून खोल भागाच्या पातळीवर आणतो, म्हणजे व्रण भरण्याऐवजी सभोवतालची जमीनच खाली उतरवितो. कल्हईवाला भांड्यावर थर चढवितो. हा थर उतरवितो. मेणाचे पॉलिश फट बुजविते खरे, परंतु ती बुजवणूक चार धुण्यांची धनी.

एका वृद्ध कारागिराला जुन्या फियाटच्या दारावर काम करताना मी पुष्कळ वेळ पाहत उभा होतो. सुती कापडाचा घट्ट बोळा, त्यावर सुपारीएवढी मळकट पेस्ट, मधूनमधून पाण्याचा शिडकावा, आणि हात लांब सरळ रेषेत जाणारा, कारण गोल फिरविलेल्या हाताची जाळी पुढे उन्हात दिसते. थोड्याच वेळात बोळा निळा झाला. मालक दचकला, म्हाताऱ्याने मानही वर केली नाही. रंगाचा ऐवज खर्ची पडतो आहे, याची पावती त्या कापडावर उमटत होती.

१९८० नंतरच्या काळात जगभरच्या कारखान्यांनी रंगावर पारदर्शक रोगणाचा निराळा थर देण्याची पद्धत स्वीकारली आणि ही पावतीच नाहीशी झाली. हा थर साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाहूनही पातळ. तो झिजला तरी कापड पांढरेच राहते, आणि थर संपल्याचे मालकाला कळते ते पुढे रंग फिका पडून पापुद्रे सुटू लागल्यावर. माझ्या मते जुना रंग दिसायला उणा असेल, पण हिशेबाला अधिक प्रामाणिक होता.

त्या म्हाताऱ्याची परीक्षा तेवढी दोन्ही रंगांना लागू पडते. बोळा हाती घेण्यापूर्वी तो ओरखड्यावर आडवे नख फिरवी. नख अडकले की गाडी परत पाठवी. तसला चरा रबिंगने जात नाही, तेथे रंगच द्यावा लागतो.